पुस्तकाला स्टार का देत नाही? कादंबरी, बालगोष्टी, पैशाची आणि ‘यशस्वी व्हा’ पुस्तकं तपासायची कशी

हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी. मधले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागून गेलेला ट्रॅक्टर काढून टाकलाय. बाकी बोलले तसंच ठेवलंय.

गेल्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच आहे : “ताई, तुम्ही पुस्तकांना स्टार का देत नाही?” त्यातल्या एकाने फार नेमकं विचारलंय. तो लिहितो, “माझ्याकडे महिन्याला पुस्तकासाठी तीनशे रुपये असतात. त्यात कादंबरी घेऊ, पैशाचं पुस्तक घेऊ, की भाचीसाठी गोष्टींचं? तुम्ही तिन्ही चांगली म्हणता. मी काय समजायचं?”

त्याचं बरोबर आहे. तीनशे रुपये म्हणजे आपल्याकडे एका दिवसाच्या मजुरीच्या आसपासची रक्कम. ती घालवायला सांगणाऱ्याने जरा हिशेबाने बोलावं. पण स्टारने तो हिशेब होत नाही. मोबाइलचा चार्जर, बिर्याणी आणि लॉज यांना आपण एकाच अॅपवर ४.२, ४.३ देतो ते चालतं, कारण चार्जरची तुलना आपण चार्जरशीच करतो. पुस्तकांचं तसं नाही. कादंबरीला चार आणि शेअर बाजाराच्या पुस्तकाला चार, तर ते दोन ‘चार’ एकमेकांशी बोलतच नाहीत. कादंबरी फसली तर तुमची दोन संध्याकाळ वाया गेली. पैशाचं पुस्तक फसलं तर बापाचं सोयाबीन गेलं.

म्हणून आजचा भाग कुठल्या एका पुस्तकावर नाही. चार प्रकारची पुस्तकं मी कशी तपासते, आणि तुम्हीही कशी तपासू शकता, ते आज सांगते.

सुरुवात करू बुलढाण्यातूनच. पुस्तक परीक्षण म्हटलं की आपल्याला पुण्या-मुंबईची मासिकं आठवतात. पण लेखकाला हात धरून जाब विचारणारं सगळ्यात तिखट लिखाण १८८२ साली आपल्या गावच्या एका बाईने केलंय. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यात डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून आणि सत्यशोधक समाजाचे. मुलीला घरीच शिकवलं. ताराबाईंचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं, प्रती ५००, किंमत नऊ आणे.

निमित्त पुस्तकाचं नव्हतंच. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला, लोकलाजेपायी आपलं नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. नंतर ती कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. त्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या चारित्र्यावर जी चिखलफेक चालली, तिला ताराबाईंनी उत्तर दिलं. आणि उत्तर देता देता त्या थेट पुस्तकांवर आल्या. त्या काळात गाजलेल्या ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्या, ‘मनोरमा’ हे नाटक, बायकांच्या कपटाच्या गोष्टी सांगणारं ‘स्त्रीचरित्र’, सगळ्यांची नावं घेऊन झाडाझडती. असल्या बाया तुम्ही पाहिल्या कुठे, असा एकूण सूर. आणि दुष्टपणा सगळा बाईच्याच वाट्याला कसा येतो, हा सवाल.

लोकांना ते झोंबलं. महात्मा फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक जवळजवळ विसरलंच गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापलं, म्हणून आज तुम्हाआम्हाला मिळतं.

मला यातून एक प्रश्न उचलायचाय, आणि तो मी चारही प्रकारच्या पुस्तकांना लावते : हे पुस्तक दोष कुणाच्या पदरात टाकतं? साधा प्रश्न आहे. पण तो लावला की कव्हरवरचे दहा लाख प्रतींचे आकडे बाजूला पडतात आणि खरं पुस्तक दिसायला लागतं.

कादंबरी

आधी कादंबरी घेऊ, कारण तिथे सगळ्यात जास्त पोकळ बोललं जातं. “खिळवून ठेवणारी”, “अंतर्मुख करणारी”, “ग्रामीण वास्तवाचं प्रभावी चित्रण”. हे शब्द काढून दुसऱ्या कादंबरीच्या परीक्षणात टाका, काहीही फरक पडत नाही. मग ते शब्द कामाचे नाहीत.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण घेते. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’. देशमुख आपल्या चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. कादंबरी २००२ ची, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. एकनाथ एम.ए., बी.एड. झालेला. शिक्षकाची नोकरी हवी तर संस्थेला डोनेशन द्यायला पैसे नाहीत, आणि शेती करावी तर शेती माणसाला उभं राहू देत नाही. बायको शहराकडची, तिने बघितलेलं स्वप्न वेगळं. एवढं सांगितलं तर गोष्ट फुटत नाही. सुरुवातीच्या पानांतच हे कळतं. माझा नियम असा की पहिल्या चौथाई भागात जे कळतं तेवढं सांगायचं, पुढचं लेखकाचं.

आता परीक्षण म्हणजे काय, तर याच्या पुढे जाणं. मी विचारते, एकनाथची ही गत झाली त्याचा दोष कादंबरी कुणाला देते? बापाला? बायकोला? पावसाला? सरकारला? स्वस्त कादंबरी असती तर एक व्हिलन पकडला असता, सावकार नाहीतर पुढारी, आणि शेवटी त्याला धडा शिकवला असता. ‘बारोमास’ वाचताना माझं बोट एका माणसावर ठरत नाही. बायकोचा राग येतो आणि चार पानांनी वाटतं, तिच्या जागी मी तरी काय केलं असतं? कादंबरी चांगली आहे असं मी म्हणते ते यासाठी. पुरस्कार नंतर.

दुसरी गोष्ट भाषा. आपल्याकडची पोरं बऱ्याचदा म्हणतात, “ताई, त्यात आपलीच भाषा आहे, त्यात काय वाचायचं?” अहो, तेच तर. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची, अमरावतीकडची वऱ्हाडी. ‘बारोमास’ मधली बोली घाटावरची. दोन्ही मोठ्याने वाचून बघा, फरक कानाला कळतो. पुण्याचा परीक्षक ‘बोलीचा प्रभावी वापर’ एवढं लिहून मोकळा होईल. तुम्ही मात्र सांगू शकता, की ही बाई असं बोलते का, की लेखकाने नुसतं ‘नाही’चं ‘नाई’ केलंय. हा अधिकार तुमचा आहे, तो वापरा.

आणि एक. कादंबरी आवडली नाही तर ‘बोअर’ म्हणू नका, कितव्या पानावर हात सुटला ते सांगा. “साठाव्या पानापर्यंत सात पात्रं आली आणि मला दोघांचीच नावं आठवत होती” हे परीक्षण आहे. ऐकणारा स्वतःचं ठरवतो.

लहान मुलांच्या गोष्टी

इथे माझी पद्धत अगदी सोपी. मूल शोधायचं. मूल मिळाल्याशिवाय बालपुस्तकावर बोलायचंच नाही. माझ्याकडे सहा वर्षांची भाची आहे आणि शेजारचे दोघं. त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं आणि त्यांच्या हाताकडे बघायचं. पान उलटायला हात पुढे येतो का? “परत वाच” म्हणतात का? की उठून पाणी प्यायला जातात? पाणी प्यायला जाणं म्हणजे एक स्टार. बघा, शेवटी दिलाच मी स्टार.

मोठी माणसं पुस्तक विकत घेताना विचारतात, “यातून काय शिकायला मिळेल?” मग प्रकाशकही शेवटी ‘तात्पर्य’ छापतात. माधुरी पुरंदरेंची ‘राधाचं घर’ मालिका बघा. घरातल्या माणसांवरची छोटी छोटी पुस्तकं, चित्रंही त्यांचीच. त्यात कुणी उपदेश करायला बसत नाही. तरीही मूल त्यात आपलं घर शोधतं, आणि सापडलं नाही तर भांडतं. माझी भाची म्हणाली, “आपली आजी अशी नाही.” त्यावर आमची अर्धा तास चर्चा. पुरंदरेंना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण मला तो अर्धा तास जास्त महत्त्वाचा वाटतो.

वय सांगणं हे परीक्षकाचं काम आहे आणि ते बहुतेक जण टाळतात. ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं. आपल्याकडे ते पहिलीतल्या पोराला बक्षीस म्हणून देतात. ते पोरगं दोन पानं वाचून कपाटात ठेवतं, आणि आयुष्यभर त्याला वाटतं की हे रडायचं पुस्तक आहे. पुस्तकाची रचनाच ‘रात्रीं’ची आहे, सांगण्याची. मोठ्या माणसाने एका रात्री एक असं वाचून दाखवायचं पुस्तक ते. नऊ-दहा वर्षांच्या पुढे. मधे थांबून बोलावंही लागतं, कारण त्यातले काही विचार, काही शिस्त आजच्या घरात जशीच्या तशी नाही.

ताराबाईंचा प्रश्न इथेही लागतो बरं का. गोष्टीत वाईट कोण? सावत्र आई, काळीकुट्ट चेटकीण, लठ्ठ पोरगा, आळशी सून. मूल चार वर्षांचं असतानाच ‘दोष कुणाचा’ ते शिकतं. मी असली पुस्तकं फेकून द्या म्हणत नाही. पण परीक्षणात तेवढं सांगितलं पाहिजे. मग आईबापाने ठरवावं.

आणि पैसे नसतील तर? ‘किशोर’ मासिक बालभारती १९७१ पासून काढते, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ पासून आहे, त्यावर मराठी गोष्टी चित्रांसकट मोफत, आणि वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या. तुमचा तीनशेचा प्रश्न भाचीपुरता इथे सुटला.

पैशाची पुस्तकं

आता जरा सावरून बसा, कारण इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. घाटाखालचा आहे, बी.कॉम. झालेला. त्याने ऑप्शन ट्रेडिंगवरचं एक पुस्तक वाचलं, आवडलं, आणि आता कापसाच्या पैशातून पन्नास हजार टाकायचा विचार करतोय. विचारतो, “पुस्तक कसं आहे सांगा.”

पुस्तक मी वाचलं. समजावून सांगितलंय छान. आकृत्या स्वच्छ. पण एक आकडा त्यात कुठेच नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये स्वतःचा अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांचा तोटा झाला, खर्च धरून सरासरी माणशी सुमारे दोन लाख. शंभरातले त्र्याण्णव. ऑप्शन्सवरच्या पुस्तकाचं परीक्षण करताना हा आकडा शेजारी ठेवला नाही, तर ते परीक्षण नाही, जाहिरात आहे. मी त्याला एवढंच पाठवलं, आणि पुस्तकातलं यशस्वी ट्रेडरचं प्रकरण पुन्हा वाचायला सांगितलं. उरलेल्या त्र्याण्णवांपैकी कुणी त्या प्रकरणात आहे का बघ म्हटलं.

तर, पैशाच्या पुस्तकाला मी काय काय विचारते?

पहिलं, छापलं कधी. कव्हर नाही, आतलं पान बघा, आवृत्तीचं. २३ जुलै २०२४ पासून शेअर आणि इक्विटी फंडाच्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर १० टक्क्यांवरून साडेबारा झाला, आणि वर्षाची सूट एक लाखावरून सव्वा लाख. २०२३-२४ पासून आयकराची नवी पद्धत ही मुळातली धरली जाते, आणि तिच्यात ८०सी ची वजावट मिळत नाही. म्हणजे २०१९ च्या पुस्तकातलं ‘कर वाचवा’ हे प्रकरण आज वाचून तुम्ही वागलात तर गडबड होईल. कादंबरी जुनी झाली तरी चालते. पैशाच्या पुस्तकाला मात्र दुधाच्या पिशवीसारखी तारीख असते.

दुसरं, गणित करून बघा. प्रत्येक पुस्तकात तो तक्ता असतोच : महिन्याला फक्त १००० रुपये, १२ टक्क्यांनी, २० वर्षं. कॅल्क्युलेटर घ्या, उत्तर साधारण ९ लाख ९० हजार येतं. भरले किती, तर २ लाख ४० हजार. वाचून डोळे चमकतात. आता दरवर्षी ६ टक्के महागाई धरा. वीस वर्षांत वस्तूंच्या किमती तिपटीहून जास्त होतात. त्या ९ लाख ९० हजारांत आजच्या भावाने जेवढं येतं, ते सुमारे ३ लाख ८ हजारांचं. तरीही भरल्यापेक्षा जास्तच आहे, बचत करूच नका असं मी म्हणत नाही. पण लेखकाने दुसरा आकडा दिलाय की नाही, यावरून तो तुम्हाला शिकवतोय की भुलवतोय ते कळतं. आणि ते १२ टक्के तरी कुणी लिहून दिलेत?

तिसरं, हे पुस्तक कुणाच्या पगारावर उभं आहे. जवळजवळ सगळी पुस्तकं धरून चालतात की तुमच्या खात्यात दर महिन्याच्या एक तारखेला पगार येतो. आपल्या किती घरांत येतो? सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमाराला, कापूस त्याच्या मागोमाग, आणि जून आला की खिसा रिकामा. बियाणं, खत, पोरांची फी सगळं एकदम. अशा घराला ‘महिन्याला एवढे टाका’ सांगणं म्हणजे विहीर आटलेल्या माणसाला ‘रोज आठ ग्लास पाणी प्या’ सांगणं. त्याला हवंय की दिवाळीला आलेले पैसे जूनपर्यंत कुठे ठेवू, सुरक्षित आणि लगेच काढता येतील असे. हे एकाही पुस्तकात मला सविस्तर सापडलं नाही. परीक्षणात मी हे मुद्दाम म्हणते, की हे पुस्तक नोकरदाराचं आहे.

यालाच जोडून ठेवींचं. बँकेतल्या ठेवीला, एका बँकेत एका माणसाला, ५ लाखांपर्यंत विमा आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी तो १ लाख होता. सहकारी बँकाही त्यात येतात. पण पतसंस्था येत नाहीत. याचा अर्थ पतसंस्था वाईट असा अजिबात नाही. आपल्या जिल्ह्यातला किती व्यवहार पतसंस्थांवर चालतो ते तुम्हाला मी काय सांगायचं? पण इंग्रजीतून आलेल्या पुस्तकाला ‘पतसंस्था’ हा शब्दच माहीत नसतो. ‘ठेवी सुरक्षित असतात’ असं ते बिनधास्त लिहून जातं, आणि आपल्या आजीला बँक आणि पतसंस्था यातला फरक कुणी सांगत नाही.

चौथं, विकतंय कोण. ‘द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन’ तुमच्यातल्या अनेकांनी वाचलंय. जॉर्ज क्लेसनने त्या गोष्टी १९२६ पासून पत्रकांच्या रूपात काढल्या, आणि त्या वाटल्या कुणी, तर बँका आणि विमा कंपन्यांनी. म्हणजे ‘कमाईचा दहावा हिस्सा आधी बाजूला ठेव’ हा सल्ला वाटण्यात त्यांचाही फायदा होता. सल्ला तरी चांगलाच आहे, आमच्या आजीनेही डब्यात तेच केलं. पण कोण वाटतंय हे माहीत असलेलं बरं. ‘रिच डॅड पुअर डॅड’ १९९७ चं. त्याच्या आदल्याच वर्षी रॉबर्ट कियोसाकींनी ‘कॅशफ्लो’ नावाचा पटाचा खेळ काढला होता, आणि पुस्तकातला वाचक त्या खेळापर्यंत जावा हाही हेतू होता. २०१२ मध्ये त्यांच्या एका कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. हे सांगितलं की काही जण चिडतात. चिडू नका. पुस्तकाने तुम्हाला खर्चाकडे बघायला शिकवलं असेल, तर ती शिकवण कुठे जात नाही.

त्याच पुस्तकात एक मजेशीर अडचण आहे, ती भाषेची. त्याचा मुख्य मुद्दा असा की राहतं घर हे ‘असेट’ नाही, कारण ते खिशातून पैसे काढतं. आता ‘असेट’ला आपण सहज ‘मालमत्ता’ म्हणतो. आणि मराठीत मालमत्ता म्हटलं की पहिलं काय येतं? घर आणि शेत! “घर मालमत्ता नाही” हे वाक्य मराठीत वेड्यासारखं वाटतं. लेखकाला म्हणायचंय ‘कमावती वस्तू’ आणि ‘खाती वस्तू’. बैल कमावता, शोभेचा घोडा खाता. असं म्हटलं असतं तर आमच्या आबांना एका मिनिटात पटलं असतं. पैशाची आणि यशाची बहुतेक पुस्तकं भाषांतरित असतात, तरी अनुवादकाचं नाव आपण घेत नाही. घ्या. आणि अनुवाद अडखळतो कुठे ते सांगा.

आता ताराबाई. गरिबीचा दोष हे पुस्तक कुणाला देतं? ‘गरीब माणूस गरीब विचार करतो म्हणून गरीब राहतो’, या सुरात किती पुस्तकं बोलतात बघा. तीन वर्षं ओळीने पाऊस दगा देतो, त्यात विचाराचा काय संबंध? असं वाक्य आलं की मी पेन्सिलने खूण करते. पाच खुणा झाल्या की पुस्तक कुणासाठी लिहिलंय ते मला कळतं.

‘यशस्वी व्हा’ पुस्तकं

सेल्फ-हेल्प म्हणा, प्रेरणादायी म्हणा. बुलढाणा, चिखली, खामगाव, कुठल्याही अभ्यासिकेत जा. एमपीएससी नाहीतर पोलीस भरतीच्या पुस्तकांच्या ढिगात असं एक तरी पुस्तक असतंच. मी त्यांना हसत नाही. पहाटे पाचला उठून थंडीत ग्राउंडवर पळणाऱ्या पोराला कुणीतरी ‘तू करशील’ म्हणायला हवं असतं. घरचे म्हणत नाहीत, मग पुस्तक म्हणतं.

पण हेच पुस्तक दुसऱ्या बाजूने चावतं. ‘मनापासून इच्छा असेल तर सगळं मिळतं’ हे वाक्य उलटं करून वाचा. मिळालं नाही, म्हणजे तुझी इच्छाच कमी होती. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत. दहापैकी दहा जणांनी सारखा अभ्यास केला तरी बहुतेक जण बाहेर राहणारच, हे गणित आहे. चौथ्या प्रयत्नानंतर घरी परतलेल्या पोराच्या उशाशी हे पुस्तक असतं, आणि ते त्याला सांगतं की चूक तुझी. १८८२ मध्ये ताराबाई हेच विचारत होत्या : जो आधीच पडलाय त्याच्याच डोक्यावर दोष का? ‘द सीक्रेट’सारखं, इच्छेने सगळं ओढून आणता येतं सांगणारं २००६ चं पुस्तक मी कुणाला सुचवत नाही, ते याच कारणाने. स्पर्धा परीक्षा देणाऱ्याला तर नाहीच.

उलट जेम्स क्लिअरचं ‘अॅटॉमिक हॅबिट्स’, २०१८ चं, मी सांभाळून सुचवते. ते इच्छेवर कमी बोलतं आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा असल्या बारक्या गोष्टींवर जास्त. ते करून बघता येतं. आणि या प्रकारच्या पुस्तकाची परीक्षा तीच, करून बघणं. वाचून झालं की लगेच परीक्षण नाही. मी त्यातली एकच गोष्ट निवडते, महिनाभर करते, मग बोलते. वाचल्या वाचल्या जी ऊर्जा येते ना, ती पुस्तकाची नसते, ती चहासारखी असते.

दावेही तपासा. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे तुम्ही शंभर रील्समध्ये ऐकलंय. आलं कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून. रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी सुमारे २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. ‘कमीत कमी’ गळालं, चेहरा गळाला, उरले २१ दिवस. पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ९६ लोकांवर मोजमाप केलं, ते २०१० मध्ये छापून आलं. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा आला ६६ दिवस, आणि माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे बाविसाव्या दिवशी तुमची सवय सुटली, तर तुम्ही नालायक नाही.

थोडं घरचं

काही जणांनी विचारलं, “प्रकाशक पुस्तकं फुकट पाठवतात का?” कधी कधी येतात. आली तर भागाच्या सुरुवातीला सांगते, पैसे घेऊन बोलत नाही. रीलवर पुस्तक दाखवणारी बरीच मंडळी पैसे घेऊन दाखवतात. त्यात गुन्हा काही नाही, पण जाहिरातींच्या नियमन परिषदेच्या २०२१ च्या सूचनांप्रमाणे तिथे ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहायला हवं. ते दिसलं नाही आणि बोलणारा नुसतं कव्हर हलवत असेल, तर एक युक्ती : कमेंटमध्ये विचारा, “पुस्तकात तुम्हाला काय पटलं नाही?” उत्तर येतं का बघा.

आणि टेलिग्रामवरची पीडीएफ. रोज कुणीतरी मला मागतं. मी देत नाही. मराठी कादंबरीची एक आवृत्ती बऱ्याचदा हजार-पाचशे प्रतींची असते, त्यात आपण दोनशे जणांनी पीडीएफ फिरवली तर दुसरी आवृत्ती निघत नाही, संपलं. परवडत नसेल तर गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हा. वर्गणी रिचार्जपेक्षा कमी असते. नवीन पुस्तक नसेल तर ग्रंथपालांना कागदावर नाव लिहून द्या. पुढच्या खरेदीत बरेचदा येतं, मी तीन पुस्तकं अशीच मागवलीत.

आता तीनशे रुपयेवाल्या दोस्ताला उत्तर. भाचीसाठी आधी ‘स्टोरीवीव्हर’ आणि ‘किशोर’, फुकट. पैशाचं पुस्तक वाचनालयातून आण, तारीख बघ, विकत घेऊ नकोस, दोन वर्षांत शिळं होणार आहे. ‘यशस्वी व्हा’वालं मित्राकडून घे, सगळ्यांकडे एक असतंच. आणि तीनशे रुपये कादंबरीवर घाल, कारण ती तू परत वाचशील आणि घरात दुसरं कुणीतरी वाचेल. ‘बारोमास’पासून सुरू कर म्हणेन. शाळा-कॉलेजात अभ्यासाला लागली म्हणून वाचली असशील तर ते वाचणं धरू नकोस.

पुढच्या भागात ‘स्त्रीपुरुषतुलना’ पूर्ण वाचून बोलू. जुन्या मराठीत आहे, वाक्यं लांबलचक आहेत, पण मोठ्याने वाचलं की लगेच कळतं, भांडणाचीच भाषा आहे ती. तुमच्याकडे प्रत असेल तर पहिली दहा पानं वाचून ठेवा, आणि कुठे अडलं ते व्हॉइस मेसेज करून सांगा. दीड मिनिटाच्या आत, प्लीज.